ऑफिसची मशीनं बदलताना प्रोसेसर कुठला घ्यावा? मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे नेहमीचे प्रश्न

फोर्टपासून ठाण्यापर्यंतच्या छोट्या ऑफिसांची मशीनं सांभाळणं हे माझं काम. सीएंची ऑफिसं, आर्किटेक्ट, क्लिअरिंग एजंट, छापखाने, दोन-चार दवाखाने. मशीनं बदलायची वेळ आली की सगळीकडे साधारण तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. पाचपासून पन्नास मशीनं असलेल्या ऑफिसांना ती उपयोगी पडतील. ज्यांच्याकडे स्वतंत्र आयटी विभाग आहे त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

आम्हाला सहा सीपीयू बदलायचे आहेत. कोटेशन पाठवाल का?

पाठवतो, पण आधी सांगा, सीपीयू म्हणजे काय? आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची पद्धत आहे. दुकानदार मात्र त्याच शब्दावरून डब्यातल्या काडेपेटीएवढ्या चपट्या चिपचा भाव लावतो. या घोळात एका ऑफिसाला सहा नुसत्या चिपांचं कोटेशन आलं होतं, आणि 'एवढं स्वस्त!' म्हणून मालकांनी ऑर्डरही देऊन टाकली होती. तेव्हा अख्खा डबा हवा असेल तर 'मशीन' लिहा, चिप हवी असेल तर 'प्रोसेसर'. पुढे मीही तसंच म्हणणार आहे.

मशीन फार स्लो झालंय. नवीन प्रोसेसरने फास्ट होईल ना?

बहुतेक वेळा नाही. उत्तर ऐकून लोकांचा हिरमोड होतो, पण खर्च करण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा.

मशीन सर्वांत जास्त रडतं त्या वेळी, म्हणजे सकाळी साडेअकराच्या सुमारास टॅली, एक्सेल, ब्राउझरमधले वीस टॅब आणि व्हॉट्सॲप सगळं उघडं असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे दिसतील.

डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली असेल तर बहुधा आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाका, प्रोसेसरला हात लावू नका. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. सीपीयूचा आकडा सतत ९०च्या वर असेल तर मात्र प्रोसेसर खरंच कमी पडतोय.

यात एक फसवी जागा आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, आणि थ्रेड म्हणजे त्यांच्यावर एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या मशीनवर एखादा प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालत असेल, तर तो पूर्ण ताकदीने धावत असतानाही आकडा आठ टक्क्यांच्या आसपास दिसतो. लोक म्हणतात, 'अहो, सीपीयू तर रिकामा आहे!' अकरा थ्रेड रिकामे आहेत, एक घामाघूम झालाय. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख दिसतो, तो पाहा.

मस्जिद बंदरच्या एका पेढीत आठ मशीनं 'भंगार' ठरली होती आणि नव्या आय७ मशीनींचं कोटेशनही येऊन पडलं होतं. आठही ठिकाणी हार्ड डिस्क होत्या. एका मशीनवर तर दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते. एसएसडी टाकल्या, रॅम आठची सोळा केली, एक अँटिव्हायरस काढला. मशीनं पुढे तीन वर्षं चालली. टॅलीची कथाही अशीच असते. डेटा एका मशीनवर, बाकीचे वाय-फायवरून जोडलेले, आणि दोष मात्र प्रोसेसरला. आधी नेटवर्कची वायर ओढून घ्या.

विंडोज १० बंद झालं. मग सगळी मशीनं फेकायची?

विंडोज १० चालायचं थांबलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला सुरक्षेचे मोफत अपडेट मिळणं थांबलं. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार आणि रिटर्न होतात, ते असं उघड्यावर ठेवणं मला पटत नाही.

विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. प्रोसेसर बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन, इंटेल आणि एएमडी. साधा हिशेब असा: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची. पिढी कशी ओळखायची ते पुढच्या प्रश्नात आहे. अपवाद आहेत. रायझन ५ २४००जी ही चिप नावाने दोन हजारची असली तरी आतून पहिल्याच पिढीची आहे, त्यामुळे ती यादीत नाही.

आठव्या पिढीचं मशीन असूनही 'चालणार नाही' असा संदेश आला तर घाबरू नका. बऱ्याच बोर्डांवर, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या मदरबोर्डांवर, टीपीएम असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने ते सापडतं. चालू करा आणि पुन्हा तपासा. या एका बटणावर मी चांगली मशीनं भंगारात जाताना वाचवली आहेत.

सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं मात्र बदलावीच लागतील. थोडा वेळ हवा असेल तर मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन वाढीव अपडेट देतं. व्यवसायांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. उशिरा सामील झालात तर मागच्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. दोन-तीन अडलेल्या मशीनींपुरतं हे ठीक आहे. पंधरा मशीनींसाठी हेच करणं म्हणजे पडक्या घराचं भाडं भरत राहणं.

'जुन्यावरच ११ टाकून देतो' म्हणणारेही भेटतील. टाकता येतं. पण अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरच्या मशीनवर हवे ते प्रयोग करा, ऑफिसच्या नको.

आय७ म्हणजे सगळ्यात भारी ना? आमचे शेजारी सगळीकडे आय७च घेतात.

डब्यावर फर्स्ट क्लास लिहिलंय म्हणून गाडी आधी पोचत नाही. आय३, आय५, आय७ हे एकाच गाडीतले वर्ग आहेत. गाडी कुठली, ते पुढच्या आकड्यात असतं.

आय५-१२४०० यातला १२ म्हणजे बारावी पिढी. आय५-८४०० यातला ८ म्हणजे आठवी. बाजारात आजही 'आय७ मशीन' म्हणून आय७-४७७० विकतात. ती २०१३ सालची चौथ्या पिढीची चिप आहे, चार कोअर आणि आठ थ्रेडची. २०२२ साली आलेला आय३-१२१०० हाही चार कोअर आणि आठ थ्रेडचा आहे, आणि तो त्या आय७ला सहज मागे टाकतो. शिवाय या आय३वर विंडोज ११ रीतसर चालतं. तरी कोटेशनवर 'आय३' दिसलं की मालकांचा चेहरा पडतो!

२०२३च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिपांच्या नावातला 'आय' काढायला सुरुवात केली. आता कोअर अल्ट्रा ५, कोअर अल्ट्रा ७ आणि नुसतं कोअर ५ अशी नावं दिसतात. 'अल्ट्रा' आणि नुसतं 'कोअर' यांत फरक आहे. लॅपटॉपमधला कोअर ५ १२०यू हा नव्या नावाखाली आधीच्याच पिढीचा साचा आहे. वाईट नाही, पण अल्ट्राच्या भावाने घेऊ नका.

एएमडीच्या लॅपटॉपमध्ये याहून मोठी गंमत आहे. ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहायचा. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ हा जुना साचा. ७५३०यू मध्ये झेन ३, ७५४०यू मध्ये झेन ४. दुकानात तिन्ही शेजारी मांडलेले असतात आणि नावात एका आकड्याचा फरक असतो.

नावाच्या शेवटी जी अक्षरं असतात, त्यांचं काय?

ती अक्षरं वाचली नाहीत तर काय होतं ते मी भोगलंय. एका पुरवठादाराने दहा मशीनं पाठवली. जोडली, चालू केली, पंखे फिरले, पडदे काळेच. बिलावर आय५-१२४००एफ होतं. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागतं. नेमकी 'एफ'वाली चिप थोडी स्वस्त असते, आणि कोटेशनचा आकडा खाली आणायला ती घुसवली जाते. दहा ग्राफिक्स कार्डं घ्यायची की दहा चिपा बदलायच्या, यावर तीन दिवस वाद चालला. शेवटी चिपा बदलल्या.

ऑफिससाठी अक्षर नसलेली साधी चिप घ्या. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यासाठी, मोकळी सोडलेली. ती जास्त वीज खाते, जास्त तापते, आणि रिटर्न भरायला तिचा काही उपयोग नाही. 'टी' म्हणजे ३५ वॉटची शांत चिप, मॉनिटरच्या मागे चिकटवायच्या छोट्या मशीनींत असते. लॅपटॉपमध्ये 'यू' म्हणजे कमी वीज खाणारी आणि 'एच' म्हणजे दणकट. एएमडीच्या डेस्कटॉप चिपांत 'जी' म्हणजे आत चांगलं ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६००जी वर पडदा दिसेल, नुसत्या ५६०० वर कार्डाशिवाय दिसणार नाही. रायझन ७०००पासून बहुतेक डेस्कटॉप चिपांत कामापुरतं ग्राफिक्स असतं, पण तिथेही 'एफ' दिसला की थांबा.

इंटेल की एएमडी?

ऑफिसच्या कामात फरक जाणवणार नाही. त्या दिवशी ज्याचं बोर्ड आणि चिप मिळून स्वस्त पडेल आणि ज्याची सर्व्हिस जवळ मिळेल, ते घ्या.

एएमडीच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडतात, की त्यांच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खाच) पुढच्याही चिपा बसतील, तर इंटेलचं एलजीए १७०० चौदाव्या पिढीबरोबर संपलं. खरं आहे. पण ऑफिसात एकदा बसवलेला प्रोसेसर नंतर कोणी बदलल्याचं मी क्वचितच पाहिलंय. पाच-सहा वर्षांनी अख्खं मशीनच बदलतात.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या, जास्त वीज खाणाऱ्या डेस्कटॉप चिपांना व्होल्टेजच्या दोषाने अस्थिरता येत होती. २०२४मध्ये इंटेलने ते मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्या पिढीचे आय७ किंवा आय९ असतील तर बोर्डाचं बायोस अपडेट झालंय का ते आजच पाहा. ते कोणीच पाहत नाही.

कुठल्या कामाला किती कोअर लागतात?

सगळ्यांना एकसारखी मशीनं घ्यायची सवय मोडा. काम पाहून दोन किंवा तीन प्रकार ठरवा. त्याहून जास्त प्रकार केले तर सांभाळणाऱ्याचे हाल.

टॅली, जीएसटी पोर्टल, ईमेल, वर्ड आणि साधं एक्सेल यांना नव्या पिढीचे चार कोअर भरपूर झाले. रिसेप्शन किंवा बिलिंग काउंटरला इंटेल एन१०० सारखी सहा वॉटची छोटी चिपही चालते. पण अकाउंटंटच्या टेबलावर ती ठेवू नका. महिन्याभरात तक्रार येईल, आणि ती रास्त असेल.

मोठं एक्सेल ही वेगळी गोष्ट आहे. सूत्रांचा हिशेब एक्सेल २००७पासून अनेक कोअरवर वाटून करतं, त्यामुळे तिथे सहा-आठ कोअरचा फायदा होतो. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेला आपोआप चालणारा कामांचा क्रम, मात्र एकाच थ्रेडवर चालतो. एका सीएंच्या ऑफिसात वर्षानुवर्षं वाढत गेलेला मॅक्रो चाळीस मिनिटं घ्यायचा. त्यांना सोळा कोअरचं मशीन हवं होतं. त्याने पाच मिनिटंही वाचली नसती. त्यांच्याच आर्टिकलने, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्याने, मॅक्रोत चालू असताना दर ओळीला पडदा रंगवणं बंद केलं आणि वेळ चारपट खाली आला. अजून एक तपासा: ऑफिस ३२ बिटचं आहे का? असेल तर सोळा जीबी रॅम असूनही एक्सेलला जेमतेम चार जीबीपर्यंतच हात घालता येतो.

आर्किटेक्ट मंडळींची फसगत सर्वांत जास्त होते, कारण 'डिझाइनचं काम' म्हटलं की दुकानदार सर्वांत जास्त कोअरची चिप काढतो. ऑटोकॅडमधलं बहुतेक ड्राफ्टिंग एकाच कोअरवर चालतं. तिथे टर्बोचा, म्हणजे थोडा वेळ गाठता येणाऱ्या कमाल वेगाचा, गिगाहर्ट्‌झ पाहायचा. ऑटोडेस्कची स्वतःची शिफारस ३ गिगाहर्ट्‌झच्या वरचा बेस (नेहमीचा वेग) आणि ४च्या वरचा टर्बो अशी आहे. आता गंमत पाहा. आय३-१४१०० आणि आय५-१४४०० या दोघांचाही टर्बो ४.७ गिगाहर्ट्‌झच आहे. दोन मितींतले प्लॅन काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला दोघांतला फरक ओळखू येणार नाही. रेव्हिट या इमारतींच्या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही मॉडेल बनवताना एका कोअरचा वेगच जास्त महत्त्वाचा असतो. कोअर खरे कामाला लागतात ते रेंडरिंगला, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करताना. आणि रेंडरिंग ग्राफिक्स कार्डावर होत असेल तर पैसे तिकडे वळवा. प्रभादेवीच्या एका फर्मने शेवटी रेंडरिंगचं एकच दणकट मशीन कोपऱ्यात ठेवलं आणि बाकी सात जणांना साधी मशीनं दिली. मला हा बेत आवडला.

छापखान्यात कोरलड्रॉ आणि फोटोशॉपसाठी नव्या पिढीचे सहा कोअर घ्या, आणि रॅम बत्तीसच्या खाली नको. बॅनरच्या फाइल किती फुगतात ते त्यांना सांगायला नको.

मग सरसकट एकच सांगा, असा आग्रह असेल तर बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा साधा आय५ किंवा त्या तोडीचा रायझन ५. उरलेले पैसे रॅम, एसएसडी आणि यूपीएसमध्ये.

पी कोअर आणि ई कोअर काय भानगड आहे?

बाराव्या पिढीपासून इंटेल एकाच चिपमध्ये मोठे वेगवान कोअर आणि छोटे काटकसरी कोअर ठेवतं. आय५-१३४०० 'दहा कोअर'चा असतो, म्हणजे सहा मोठे अधिक चार छोटे. आय५-१२४०० मध्ये सहाच्या सहा मोठे. जाहिरातीतला एकूण आकडा पाहून हुरळू नका, मोठे किती ते विचारा. कुठलं काम कोणाकडे द्यायचं हे विंडोज ११ला जास्त चांगलं कळतं.

बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलला तर?

जमतं, पण क्वचितच परवडतं. जुन्या पिढीचा वरचा प्रोसेसर आता सेकंडहँडच मिळतो, आणि मागणी असल्याने भाव अवास्तव असतो.

शिवाय सापळा आहे. सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१. चिप खाचेत बसते, मशीन चालू होत नाही. जुन्या बोर्डावर आठवी पिढी चढवून विंडोज ११ घ्यायचा बेत करून लोक हमखास इथे आपटतात.

बोर्डही बदलायचा ठरला तर मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्या जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं हे लक्षात ठेवा. नवं लायसन्स घ्यावं लागेल. हा खर्च कोटेशनमध्ये कोणी दाखवत नाही.

रॅम किती? आणि भाव एवढे का चढलेत?

नव्या मशीनला सोळा जीबी. आठ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण ब्राउझर उघडला की दमतं. शक्य असेल तर सोळाची एक कांडी घेण्याऐवजी आठच्या दोन घ्या. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स मेमरी रॅममधूनच उसनी घेतं, दोन कांड्यांनी त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. मात्र बोर्डावर दोनच खाचा असतील आणि पुढे वाढवायचा विचार असेल, तर एकच सोळाची घेऊन एक खाच मोकळी ठेवा.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा मोठा वाटा जाऊ लागला. याचा प्रोसेसरच्या निवडीवरही परिणाम होतो. एएम५ आणि इंटेलचं नवं एलजीए १८५१ फक्त डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमवर चालतात. एलजीए १७००ची बोर्डं मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ अशी दोन्ही प्रकारची मिळतात. जुन्या मशीनींत डीडीआर४च्या चांगल्या कांड्या असतील तर डीडीआर४वालं बोर्ड आणि बारावी-चौदावी पिढी घेऊन त्या वापरता येतील. दहा मशीनींच्या खरेदीत हा फरक छोटा नसतो.

लॅपटॉपच घेऊन टाकावेत का?

जे फिरतात त्यांना द्या. जुलैत रुळांवर पाणी भरलं की घरून काम करता यावं म्हणून अकाउंट्सच्या दोघांकडे लॅपटॉप असलेले बरे. बाकीच्यांना डेस्कटॉप. त्याच पैशात जास्त वेग मिळतो, दुरुस्ती सोपी असते, आणि विरार लोकलच्या गर्दीत पडदा फुटत नाही. लॅपटॉप घेताना रॅम वाढवता येते का ते आधी विचारा. पातळ मॉडेलांत ती बोर्डावर डिंकवल्यासारखी कायमची बसवलेली असते.

स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप २०२४च्या मध्यापासून आलेत. बॅटरी सुंदर चालते. पण त्यांची चिप वेगळ्या घराण्याची, एआरएम प्रकारची आहे. साधे प्रोग्राम दुभाषा लावून चालतात, ड्रायव्हर मात्र त्याच घराण्याचा लागतो. डिजिटल सहीचा डोंगल, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, दाराजवळचं अंगठ्याचं यंत्र, यांतलं एखादं अडलं तरी काम ठप्प. तुमच्या डोंगलसकट दुकानात जा आणि तिथेच सही करून दाखवायला सांगा. मॅकबुकबाबतही तेच. नव्या मॅकवर विंडोज थेट टाकता येत नाही आणि टॅली विंडोजसाठी आहे.

'एआय पीसी' घ्यायला हवा का?

आज नाही. एनपीयू नावाचा वेगळा भाग एआयच्या कामांसाठी असतो. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीसाठी तो किमान ४० टॉप्सचा लागतो. टॉप्स म्हणजे त्याच्या वेगाचं माप. कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या नेहमीच्या डेस्कटॉप चिपांत तो १३ टॉप्सचाच आहे, तरी डब्यावर एआयचं स्टिकर चमकत असतंच. आला तर येऊ द्या, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

सेकंडहँड मशीनं घ्यावीत?

मोठ्या कंपन्यांची भाडेकरार संपलेली ब्रँडेड मशीनं चांगली असतात. अट एकच, आठवी पिढी किंवा पुढची. विक्रेता 'आय५, सोळा जीबी, एसएसडी' एवढंच सांगत असेल तर तो मुद्दाम पिढी गाळतोय असं समजा आणि पूर्ण आकडा मागा. आय५-६५०० आणि आय५-८५०० बाहेरून एकाच डब्यात येतात. ८५००वर विंडोज ११ रीतसर चालतं, ६५००वर नाही.

लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करावं की ब्रँडेड घ्यावं?

भडकमकर मार्गावर, म्हणजे ज्याला अजून सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात तिथे, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटांत सुटे भाग मनासारखे निवडता येतात. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतो. ब्रँडेड मशीनमध्ये वीजपुरवठ्याचा डबा आणि बोर्ड बहुधा कंपनीच्या मापाचे असतात, वॉरंटी संपल्यावर तेच महाग पडतात. पण वॉरंटीत असेपर्यंत कंपनीचा माणूस तुमच्या टेबलापर्यंत येतो. हाताशी भरवशाचा हार्डवेअरवाला असेल तर असेंबल करा, नसेल तर ब्रँडेड आणि तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी.

असेंबल करताना प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. ट्रेमधली सुटी चिप स्वस्त असते, पण तिची वॉरंटी विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर असते. बिल जीएसटीचं, तुमच्या नंबरवर, आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण आकडा, शेवटच्या अक्षरासकट. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून 'बिनबिलाचं स्वस्त देतो' हे बऱ्याचदा स्वस्त नसतंच.

विजेचा फरक पडतो का?

थोडा. जुन्या मशीनपेक्षा नवं ३० वॉट कमी खातं असं धरा. रोज नऊ तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे ८१ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर मशीनमागे हजाराच्या आत. बेस्टची वीज असो की अदानीची, बिलावर एसीचंच राज्य चालणार. माझ्या मते उष्णता जास्त महत्त्वाची. बंद लाकडी टेबलात कोंबलेलं तापट मशीन मे महिन्यात स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं, आणि मग पुन्हा 'स्लो आहे'चा फोन येतो.

आणि डबा जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी ऑफिसांची मशीनं टेबलाखालीच बुडाली. वीतभर उंचीचा स्टँड फार महाग नसतो. समुद्राच्या दमट हवेत बोर्डाचे टाकेही गंजतात, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर आतून साफ करून घ्या.

खरेदी कधी करावी?

संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरच्या आत मशीन कामाला लागलेलं हवं. तुमच्या सीएंना विचारून घ्या, ते मार्चमध्ये ऐकण्यापेक्षा ऑगस्टमध्ये ऐकलेलं बरं.

महिन्यातली तारीखही पाहा. ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी. मशीनं २० तारखेनंतरच बदला. आधी एकच मशीन आणा आणि ऑफिसात सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्याच्या टेबलावर आठवडाभर ठेवा. डोंगल, प्रिंटर, मराठी फॉन्ट, जुनं पगाराचं सॉफ्टवेअर, काय अडतं ते तोच शोधून काढेल. मग बाकीची ऑर्डर द्या.

जुन्या मशीनींचं काय करायचं?

एसएसडी आणि हार्ड डिस्क आधी काढून घ्या. फाइल डिलीट करून डिस्क कोरी होत नाही, त्यात पक्षकारांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात. ती नीट पुसा, नाहीतर तुमच्यासमोर फोडून घ्या. बाकीचं रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत रिसायकलरला द्या आणि पावती फाइलला लावा. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. आठव्या किंवा पुढच्या पिढीचं चालू मशीन असेल तर ते टाकू नका. एक कपाटात ठेवा. २० तारखेला संध्याकाळी सहा वाजता कोणाचं तरी मशीन बंद पडतंच.